कोपऱ्याला हाक

"मॅडम, तुम्ही घरी नवऱ्यालाही असंच 'बस' म्हणता का?"

प्रश्न काही विचारणाऱ्या मुलीच्या डोक्यातला नव्हता. कुंपणाबाहेर सायकली टेकवून उभ्या असलेल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, "विचारून दाखव, मग तुला मानलं!" मागच्या वर्षापर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा तिच्या तोंडून आवाज फुटायचा नाही. पण वक्तृत्वाचा कप मिळाला आणि पोरगी अशी काही सुटली, की सगळे तिला 'भोंगा' म्हणू लागले. आणि गंमत म्हणजे तिला ते आवडायचं!

बेवारस कुत्र्यांना शिकवून घरं शोधून देणाऱ्या बाईंनी हातातला पट्टा शांतपणे गुंडाळला.

"म्हणायचे की. एक दिवस तो उठूनच गेला."

कुंपणाबाहेर हशा पिकला. बाईही हसल्या. मग मैत्रिणी आपापल्या क्लासला पांगल्या आणि मैदान एकदम मोठं दिसू लागलं. भोंग्याला मात्र कुठे जायची घाई नव्हती. आईबाबा कामावरून यायचे ते दिवे लागल्यावर. तोवर कुलूप उघडा, दप्तर टाका आणि फ्रिजची घरघर ऐकत बसा. घर नुसतं खायला उठायचं.

"मी थांबू इथे?"

"थांब. काम कर म्हणजे झालं."

पहिलं काम होतं पहिलवान. हा धटिंगण कुत्रा माणूस दिसलं की अंगावर उडीच घ्यायचा. भोंगा आनंदाने किंचाळली, "अरे बस, बस, बस ना रे सोन्या!" सोन्याने तिला चिखलात लोळवलं.

"तू विनवण्या करतेस आणि त्याला वाटतं खेळ चाललाय," बाई म्हणाल्या. "आवाज खाली आण. एकदाच म्हण आणि गप्प राहा."

तिने आवाज खाली आणला, अगदी पोटातून. "बस." पहिलवान गोंधळला, तिच्याकडे बघत राहिला, आणि चक्क बसला. भोंग्याला आभाळ ठेंगणं झालं.

पण तिचा जीव जडला तो दुसऱ्यावरच. शेडच्या टोकाला, भिंतीला अंग चिकटवून एक तपकिरी कुत्रा पडून असायचा. त्याला सगळे 'कोपरा'च म्हणत. त्याच्या वाटीत खाणं टाकून माणूस दूर गेलं, तरच तो खायचा.

एका रात्री जेवताना तिने कोपऱ्याला घरी आणायचा विषय काढला. आई म्हणाली, "तुला सोबत होईल म्हणा." बाबांनी अट घातली, "तुझ्या हाकेला आला, तर आणू घरी."

झालं! दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावर हाकांचा भडिमार सुरू झाला. गोड हाका, लाडाच्या हाका, टाळ्या, चुटक्या. कोपरा आणखी आणखी भिंतीत शिरत गेला.

"लहानपणी तुला कुणी 'अगं बोल की' म्हणून चारचौघांत पुढे ढकललंय?" बाईंनी विचारलं.

टाळीसाठी उचललेले हात भोंग्याने खाली घेतले. ढकललं होतं. मावशीने, आत्याने, शाळेतल्या बाईंनी, सगळ्यांनी.

"मग? त्याच्याशी बोलूच नकोस. पाठ करून बस आणि काहीही वाच. रटाळ असेल तर उत्तम."

तिने दप्तरातून भूगोल काढला. कोपऱ्याकडे पाठ करून ती खडकांचा धडा वाचू लागली, हळू, एकसुरी, झोप यावी अशा आवाजात. खडक संपले, माती झाली, वारे आले. रोज दुपार तशीच जायची. मैत्रिणी एकदा कुंपणापाशी येऊन "काय गं, कुत्र्यांची शिकवणी?" म्हणून चिडवून गेल्या. तिने मान वर केली नाही. अशातच एके दिवशी तिच्या दंडाला काहीतरी ओलसर लागलं. नाक!

"शाब्बास!" भोंगा इतक्या जोरात ओरडली की पत्रा दणाणला. कोपरा बाणासारखा परत भिंतीशी. नंतर कित्येक दिवस तो वाटीकडेही फिरकला नाही. तिला रडूच फुटलं.

मग पुन्हा खडकांपासून सुरुवात. यावेळी नाक आलं, मग हनुवटी मांडीवर आली, आणि ती फक्त कुजबुजली, "हं, छान." पुढे पुढे तर नुसतं "ये रे" म्हटलं की तो यायचा.

एका दुपारी वाचता वाचता तिचा घसा बसला. ती थांबली आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. मांडीवरचं डोकं उचललं गेलं. कोपरा इकडेतिकडे बघत उभा राहिला, थरथरायला लागला आणि आपल्या जागी जाऊन भिंतीला चिकटला. ती तर तिथेच बसलेली होती.

"त्याचे मालक घर सोडून गेले आणि हा आत राहिला," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं तेव्हा सापडला. आवाज थांबला की त्याला वाटतं, सगळे गेले."

भोंग्याने बसक्या आवाजातच धडा पुढे सुरू केला.

रविवारी आईबाबा आले. बाबांनी नवाकोरा पट्टा आणला होता. भोंगा शेडच्या दाराशी उकिडवी बसली आणि हलकेच म्हणाली, "ये रे." कोपरा उठला, दबकत दबकत आला आणि तिच्या कुशीत शिरला.

"आला की गं!" आईचे डोळे भरले. बाबांनी पट्टा पुढे केला. "घाल. जिंकलीस तू."

तिने पट्टा घेतला नाही. बराच वेळ ती कोपऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. याला आपल्या घरी नाही न्यायचं."

"अगं, डोकं खाल्लंस आमचं इतके दिवस!"

"हो ना. पण आपल्या घरात दिवसभर कुणी नसतं, बाबा. मी शाळेत, तुम्ही कामावर. दुपारी ते घर कसं असतं, मला माहितीये. जिथे सतत कुणीतरी बोलत असेल अशाच घरी याला द्या, असं मी बाईंना सांगणार. आणि तोवर मी रोज इथे येणार."