पाइन एलच्या चार चिठ्ठ्या

माझं नाव आधी फळ्यावर लागलं आणि बीअर मला नंतर चाखायला मिळाली. हे मी रागाने सांगते आहे, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

गंधार माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. हिंजवडीतली नोकरी सोडून त्याने वारज्याला हायवेलगतच्या शेडमध्ये बीअर करायला घेतली. शनिवारी उद्घाटन होतं. गुरुवारी दुपारी गाडी पाठवून मला बोलावलं, म्हणे एक छोटासा व्हिडिओ करायचाय. दारातच त्याच्या नव्या बीअरचा फळा होता: ‘हिमालयन पाइन एल. हाताने खुडलेले कोवळे कोंब. वासंतीमावशींनी चाखून पास केलेली.’ शेजारी चष्म्यासकट माझं चित्र.

“मी कधी चाखली रे?”

“आत्ता चाखशील ना. फॉर्मॅलिटी आहे गं.”

फॉर्मॅलिटी! चौतीस वर्षं मी चिंचवडच्या एका एसेन्सच्या कारखान्यात चव आणि वास तपासले. सरबतं, गोळ्या, साबण, फरशी पुसायची औषधं. कामाच्या दिवशी डोक्याला तेल नाही, कांदा नाही. ह्यांनी आणलेले मोगऱ्याचे गजरे मी देवाला वाहिले, कारण नाकात मोगरा घेऊन कामावर जाता येत नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगत, “तिने मान हलवल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही.” कौतुक म्हणून सुनेबद्दल एवढं एकच वाक्य त्या बोलल्या असतील.

“चाखते,” मी म्हटलं, “पण आमच्या पद्धतीने. चौघं चाखू. कुणी बोलायचं नाही. चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची, मग उघडायच्या.”

“चौघं कोण?”

“तू, मी, ही आणि ते.”

ही म्हणजे उत्कर्षा, बीअर बनवणारी पंचविशीतली मुलगी. ते म्हणजे टाक्या धुणारे रणजित, मांजरी गावचे, पन्नाशीचे गृहस्थ. रणजित म्हणाले, “म्या माळकरी हाय, बाई.” मग त्यांनी नुसता वास घ्यायचा ठरलं.

कारखान्यात ही चिठ्ठ्यांची रीत का होती, ते मला चांगलं ठाऊक आहे. साहेबांनी ‘वा’ म्हटलं की बाकीच्या जिभांनाही सगळं ‘वा’च लागतं.

ग्लास हातात घेतला. रंग सुरेख, मधासारखा. फेस बारीक. पहिल्या घोटाला भाजलेल्या सातूचा गोडवा, ब्रेडच्या करपट कडेसारखा. मागून कारल्याइतपत कडवटपणा. इथवर उत्तम. आणि मग टाळूवरून नाकात चढलं ते! मी घोट थुंकला.

एकाहत्तर साली कंपनीने आम्हाला तेलखरेदीसाठी राणीखेतला नेलं होतं. तिथे डिंक गोळा करणाऱ्या एका बाईने पाइनचा, म्हणजे चिडाचा, कोवळा कोंब माझ्या हातावर ठेवला आणि खूण केली, चाव. लिंबाच्या पानासारखा आंबट, किंचित तुरट, शेवटी गार. पन्नास वर्षांहून जास्त झाली, तो कोंब अजून माझ्या जिभेवर आहे. गंधारच्या ग्लासात तो नव्हता.

चिठ्ठ्या उघडल्या. गंधारची: ‘जंगल!!’ माझी: ‘कोंब नाहीत. बाटलीतलं एसेन्स, तेही दुपटीने.’ रणजित यांची: ‘दवाखान्याची फरशी.’ उत्कर्षाची मी दोनदा वाचली. ‘फिनेल. पण मावशींनी पास केली आहे म्हणून माझीच चव चुकत असेल.’

“कोण म्हणालं मी पास केली?”

उत्कर्षा गंधारकडे बघत राहिली. “सर म्हणाले. मी तीन वेळा सांगितलं त्यांना, एसेन्स नको. ते म्हणाले, मावशींचं नाक चौतीस वर्षांचं, तुझं दोन वर्षांचं.”

“अगं मावशी, तू फोनवर म्हणालीस ना, पाइनचा वास सुंदर असतो.”

“पाइनचा! तुझ्या टाकीचा नव्हे. माझ्या नावाने तू हिचं तोंड बंद केलंस, गंधार. जे होऊ नये म्हणून मी जन्मभर चिठ्ठ्या लिहिल्या, नेमकं तेच केलंस.”

“फूड ग्रेड आहे ते. कुणी मरत नाही.”

“फळ्यावर ‘फूड ग्रेड’ लिही मग. ‘हाताने खुडलेले’ कशाला? कुणी खुडले? तू? वारज्यात?”

रणजित तोंड फिरवून हसले. गंधार लाल झाला. “ठीक आहे. तुझं नाव काढतो. बीअर विकतो.” त्याने ओल्या फडक्याने फळ्यावरचं माझं नाव आणि चित्र खसाखसा पुसलं. मला वाटलं, झालं, माझं काम संपलं. पर्स उचलली.

तेवढ्यात उत्कर्षा म्हणाली, “सर, मग बनवणारी म्हणून माझं नाव लागेल. मी ते देत नाही.”

दोन वर्षांच्या नाकाची मुलगी! ती ‘जाऊ दे’ म्हणाली असती तर माझं नाव पुसल्यावर मी मुकाट घरी गेले असते, हे मला तेव्हा कळलं. मला गंधारपेक्षा माझाच राग जास्त आला. पर्स खाली ठेवली.

“टाकी उघड, मोरीत जाऊ दे,” मी म्हटलं.

“मावशी, टाकी भरलेली आहे. शनिवारी लोक येणार आहेत.”

“तिने केलेली दुसरी आहे ना, साधी? ती पाज. ही उघड.”

त्याने टाकीवर हात ठेवला. मग स्वतःच वाकला आणि खालचा कॉक फिरवला. बीअर मोरीकडे धावली, शेडभर तो वास पसरला. रणजित यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी बसले नाही. टाकी रिकामी होईपर्यंत उत्कर्षाच्या शेजारी उभी राहिले.