भूषणची फळी

कोंडीरामने तिरकी फळी जमिनीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला आणि जरा डोलून पाहिलं. फळी हलली नाही. जन्मभर लोकांची कपाटं केलेल्या सुताराला दीड हाताचं हे काम म्हणजे एका सकाळचं. पण त्याला ते करायला तीन वर्षं लागली होती.

गिटारचा आवाज बदलणारी पाच पेडलं भूषणने एकेक करून जमवली होती. ती फरशीवर सुटी पडलेली असायची, वायरी पायात यायच्या. "बाबा, एक बोर्ड करून द्या ना," तो म्हणायचा. "आधी नोकरीचं बघ," कोंडीराम म्हणायचा. गेल्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि बुद्धभूषण सव्विसाव्या वर्षी गेला. मग बापाने रे रोडच्या वखारीतून सागवानी पट्ट्या आणल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

उद्या पहिला स्मृतिदिन. विहारात भूषणचीच गिटार त्याच्या बँडमधली प्रिती वाजवणार होती, आणि त्याच्याच आवाजात. पेडलं त्याने लावून ठेवली होती तशीच आहेत, नुसती जोडायची, असं ती म्हणाली होती. तेवढ्या बोलण्यावर कोंडीरामने आठवडा काढला होता.

दुपारी प्रिती आली. कोंडीरामच्या बायकोने, राधाबाईने, कपाटावरचा पेडलांचा डबा काढला. पेडलं लखलखत होती.

"काल पुसून ठेवली गं. वर्षाची धूळ. आणि हे नॉब तर कसेही फिरलेले, एक इकडे, एक तिकडे. सगळे सरळ केले."

खरंच, प्रत्येक नॉबची पांढरी रेघ सरळ वर होती. दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेली बाई ती. वाकडं दिसलं की तिला राहवत नसे.

प्रितीचा हात थांबला. तिने कोंडीरामकडे पाहिलं आणि त्याला कळलं. ते वाकडेतिकडे नॉब हाच भूषणचा आवाज होता, कुठेही लिहून न ठेवलेला. पण बायकोला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे कोंडीरामने तिथल्या तिथे ठरवलं.

"काही बिघडलं का गं?" राधाबाईने विचारलं.

"नाही मावशी. मस्त झालीयेत."

प्रितीने पेडलं फळीवर चिकटवली, वायरी फटीतून खाली घेतल्या, आठवेल तसे नॉब फिरवले आणि तार छेडली. आवाज आला, गोड, गुळगुळीत. राधाबाईचे डोळे भरले.

"हाच ना?"

"नाही," कोंडीराम म्हणाला.

"तुम्हाला काय कळतं त्यातलं? तो वाजवायला बसला की तुम्ही घरात तरी थांबायचात का?"

"गॅलरीत असायचो ना. तिथून ओरडायचो, कमी कर म्हणून. चार वर्षं डोकं उठवलंय त्याने माझं." मग तो प्रितीकडे वळला. "वायरी काढल्या की सेटिंग हलतं, काय गं?"

"हो काका," प्रिती हळूच म्हणाली. "हलतं."

तो गॅलरीत गेला आणि खोलीकडे पाठ करून कठड्याला टेकला.

"पहिला वाढव. अजून. पत्रा घासल्यासारखा यायचा तो."

प्रितीने वाढवला.

"आता आवाज मागून परत परत ऐकू यायचा ना, ते लांबव."

शेजारचे शामराव कपाळाला आठ्या घालून दारात आले. कोंडीराम स्वतःच आवाज वाढवायला सांगतोय हे ऐकलं, आणि मुकाट आत गेले.

"अजून थोडा."

प्रितीने नॉब केसभर फिरवला आणि तारांवर हात मारला.

"कमी कर रे, भूषण!"

ओरडून झालं आणि मग कोंडीरामला स्वतःचा आवाज ऐकू आला. प्रितीची बोटं तारांवरच राहिली. तो वळला नाही.

राधाबाई उंबऱ्यापाशी उभी राहून नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती.

"त्यांच्याकडे लक्ष नको देऊस," ती प्रितीला म्हणाली. "तो कधी ऐकायचा? वाजव तू."