घाईचं शेवटचं यमक

मी एक जुना, चपटा, पत्र्याचा डबा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात बिस्किटं होती; ती चार दिवसांत फस्त झाली. मग एका शिवणकाम करणाऱ्या बाईने माझ्यात बटणं ठेवली. तिचं लग्न झालं आणि तिच्यासोबत मी एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरी आलो. तिथे त्याची आठ वर्षांची मुलगी होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती.

मित्रांनो, ही मुलगी नव्या बाईला हाकच मारत नसे. अगदीच अडलं तर "अहो" म्हणायची. पंचाईत अशी, की बाईही नवऱ्याला "अहो"च म्हणायची. त्यामुळे मुलीने "अहो" म्हटलं की बाप दचकून वळायचा. बाई फणी घेऊन आली की मुलगी म्हणायची, "माझी मी घालते." तिची वेणी रोज वाकडी असायची.

बाईने बटणं काढली आणि माझ्यात शब्दांच्या चिठ्ठ्या भरल्या. रविवारी दुपारी चिठ्ठी उचलायची आणि यमक जुळवून दोन ओळी करायच्या. वापरलेलं यमक बाई सुईने माझ्या झाकणावर कोरायची. ते पुन्हा चालायचं नाही. पहिल्याच दिवशी बाप म्हणाला,

"आमचं घड्याळ फार मवाळ,
संध्याकाळीही म्हणतं सकाळ."

मुलगी खुदकन हसली. त्याचं थोडं श्रेय मी घेतो.

"घाई"ची चिठ्ठी मात्र सारखी तिच्याच हाती यायची. शाई झाली, महागाई झाली. एकदा ती कुणाकडे न बघता म्हणाली,

"आमच्या घरी आली एक बाई,
सारखं मशीन, सारखी घाई."

"छान जमलंय," बाई म्हणाली आणि तिने "बाई" कोरलं. त्या दिवशी सुई जरा खोल रुतली, हे फक्त मला कळलं.

पुढे ताई, खाई, दिरंगाईही संपली. मुलीने झाकणावरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. आता तिला सुचणारं एकच यमक उरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर बाईने "घाई"ची चिठ्ठी माझ्या तळाच्या कागदाखाली सरकवली. "जुलमाने नको," ती स्वतःशीच म्हणाली.

हळूहळू खेळ बंद पडला. मी कपाटावर धूळ खात पडलो. वाईट वाटलं, पण डब्याला कोण विचारतं?

एके सकाळी रंगीत पेन्सिली ठेवायला मुलीने मला खाली काढलं. तळाचा कागद उचलला, तर चिठ्ठी. तिच्यावर मशीनच्या तेलाचा ठसा होता. लपवणारी कोण, हे तिला कळलं. तिने चिठ्ठी मुठीत घेतली. मग मला काखेत घेऊन मशीनपाशी गेली.

"शाळेची मला झाली घाई,
वेणी घालून दे ना, आई."

एवढं बोलून ती पाठ करून बसली. मशीन थांबलं. पहिला पेड आईला तीनदा सोडवावा लागला.

"यमक कोरायचं राहिलं," बाप आतून म्हणाला.

"राहू द्या," आई म्हणाली. "हे रोज लागणार आहे."

म्हणून मित्रांनो, माझ्या झाकणावर ते यमक नाही. तुमच्या घरचा जुना डबा भंगारात देण्याआधी तळाचा कागद एकदा उचलून बघत जा.