बिनकुंकवाचा डबा

माझा धाकटा भाऊ वरदराज मद्रासची नोकरी सोडून कुंभकोणमला परत आला, तो चार जुने कॉम्प्युटर, काळ्या केबलचं एक भेंडोळं आणि डोक्यात एक खूळ घेऊन. १९९६ सालची गोष्ट. बँकांत, कॉलेजांत कॉम्प्युटर येऊ लागले होते आणि त्यांच्या मागोमाग व्हायरसही. फ्लॉपीवर बसून ते एका मशीनमधून दुसऱ्यात जायचे. ते अडवायचे कसे हे शिकवायचं तर मुलांना मनसोक्त मोडतोड करायला वेगळी मशीनं हवीत, असं वरदाचं म्हणणं. मेलकावेरीच्या आमच्या घरातला झोपाळा वर बांधला गेला, आणि पुढच्या खोलीत त्याचं सरावाचं जाळं उभं राहिलं. चार मशीनं एका केबलनं एकमेकांना जोडलेली, बाकी साऱ्या जगापासून तोडलेली. टेलिफोनसुद्धा त्यानं त्या खोलीतून हलवला.

मी शाळेत गणित शिकवते. गोड बोलणं मला जमत नाही. "लोक दुकान मांडतात, तूं चोरांची शाळा मांडलास," मी म्हणाले.

"चोर कसा येतो तें कळल्याविना कुलूप कोठें लावणार, अक्का?" तो हसून म्हणाला.

कॉलेजातली मुलं दुपारी यायची. त्यांच्याशी तमिळ, आत आलं की आमची पिढीजात तंजावरी मराठी. निम्मी मुलं मशीन फोडायची, निम्मी राखायची. वरदानं स्वतः एक व्हायरस लिहिला होता. खरे व्हायरस महिनोन्‌महिने दबा धरून बसतात; शिकवताना तेवढी वाट कोण बघणार? म्हणून याचा व्हायरस फ्लॉपी आत ठेवून मशीन चालू केलं की तत्क्षणी सगळं पुसायचा, आणि वर आमच्याच बोलीत, पण इंग्रजी अक्षरांत, विचारायचा : आतां शिकलास काय? मुलांना ते वाचता यायचं, कळायचं नाही. वरदाला त्याची मोठी गंमत वाटायची. संध्याकाळी तो चारही मशीनं पहिल्यासारखी करून ठेवायचा. त्या खोलीत काहीही मोडलं तरी परत उभं राहायचं.

आतल्या खोलीत मात्र पाचवं मशीन होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं, आणि त्याला कुणी हात लावलेला वरदाला खपत नसे. त्यात आमच्या अप्पांची पदं होती.

आमचे अप्पा, व्यंकोबा, कीर्तनकार. साक्कोट्टैपासून तंजावरपर्यंत त्यांची कीर्तनं व्हायची. ऐकणारे बहुतेक तमिळ, तरी अप्पा मधे मधे स्वतः रचलेली मराठी पदं म्हणायचे, आणि कळो न कळो, लोक माना डोलवायचे. त्यांची बाडं वाळवीनं खाल्ली आणि पाठोपाठ अप्पाही गेले. उरली ती पदं आईच्या, अंबुजाच्या, तोंडात. जन्मभर स्वयंपाकघरात बसून तिनं ती ऐकली होती. आणि आता आई विसरू लागली होती. आधी चुलीवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, मग आज वार कोणता ते. वरदानं मद्रास सोडलं ते खरं म्हणजे यासाठी. शाळा हे त्याचं खूळ, पण आई हे काम. ती गुणगुणायची, मी टाइप करायची. वर्षभरात पदं पुरी झाली, आणि तोवर आईला त्यातली बरीचशी आठवेनाशी झाली होती. मी पुढची ओळ विचारली की ती माझ्याच तोंडाकडे बघायची. म्हणजे आता ती पदं जगात एकाच जागी होती. नकलेच्या फ्लॉप्यांना कावेरीकाठच्या ओलीनं बुरशी धरली होती. नवी नक्कल करायची ती विजयादशमीला, असं वरदानं ठरवलं. चांगलं काम चांगल्या दिवशी.

फ्लॉप्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्याची एक रीत होती. स्वच्छ फ्लॉपीच्या लेबलावर गंध-कुंकवाचा ठिपका. सरावाच्या, व्हायरसवाल्या फ्लॉप्या कोऱ्या कपाळाच्या, एका पत्र्याच्या डब्यात.

"उलटें करतोस तूं," मी त्याला म्हटलं होतं. "खूण वाइटाला करावी. विषाच्या बाटलीला चिठ्ठी लावतात, दुधाच्या नाहीं."

"वाइटाला कुंकू कसें लावूं, अक्का? हात होत नाहीं."

घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं, यातच आम्ही दोघं वाढलो. जगाला कुलपं शिकवणाऱ्या माणसाचा हात तिथं अडला. मीही जास्त ताणलं नाही.

सरस्वतीपूजेला आमच्याकडे पुस्तकं, वीणा, सुरी, कात्री, सगळं पाटावर मांडतात. त्या दिवशी कशालाच काम नाही. वरदानं स्वच्छ फ्लॉप्या पाटावर ठेवल्या. पत्र्याचा डबा पुढच्या खोलीत फळीवर राहिला. दुपारी मी नैवेद्याच्या सुंडलासाठी, हरभऱ्याच्या उसळीसाठी, नारळ खवत होते, वरदा फुलं आणायला गेला होता. संध्याकाळी पूजेला बसलो तेव्हा आई आतून आली, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो.

तिच्या कपाळावर कुंकू होतं. ठसठशीत, अप्पा असताना लावायची तसं.

"हे अजून आले नाहींत काय?" तिनं विचारलं. "सणाच्या दिवशीं देखील कीर्तन?"

मी निरांजनातली वात उगाचच पुढे सारली. वरदानं खाली बघत कापूर पेटवला. "येतील, अम्मा," तो म्हणाला. आरतीभर आम्ही तिचं कपाळ बघत होतो, पाटाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पुसून टाक, असं तिला कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सकाळी पाट उचलायचा, आणि प्रत्येक वस्तूनं थोडं तरी काम करायचं. मी वीणेची तार छेडली. वरदानं पाटावरची एक फ्लॉपी उचलली, ठिपका बघितला आणि ती पाचव्या मशीनमध्ये सरकवली. मग आईला हाताला धरून आत नेलं. ज्यांची पदं त्यांच्या बायकोच्या हातानं नकलेची सुरुवात व्हावी, असं त्याच्या मनात होतं. फ्लॉपी आत ठेवून मशीन कधी चालू करू नये, हे तो मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचा. पण ठिपक्याची फ्लॉपी म्हणजे स्वच्छ. त्यानं आईचं बोट बटणावर ठेवून दाबलं.

मशीन घरघरलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली : आतां शिकलास काय?

वरदानं झडप घालून तार उपटली. पण तो व्हायरस त्यानं स्वतः लिहिलेला होता, आणि मन लावून लिहिलेला होता. मी पाटाकडे धावले. पाटावर मांडल्या होत्या त्यापेक्षा फ्लॉप्या जास्त होत्या, सगळ्यांना ठिपका. पत्र्याचा डबा फळीवर रिकामा.

"तीं बिचारीं तेथेंच राहिलीं होतीं," आई माझ्यामागून म्हणाली. "कपाळ कोरें. सणाच्या दिवशीं बरें नाहीं. मीच अस्क्यांस, एकूणएकांस, लावलों. मलाही लावलों."

वरदा खुर्चीत बसला होता. आई त्याच्याजवळ गेली आणि पडद्यावर बोट ठेवून विचारू लागली, "काय लिहिलें आहे रे हें?"

"देवाचें नांव, अम्मा."

तिनं पडद्याला हात जोडले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ते मशीन घेऊन वरदा दोनदा मद्रासला जाऊन आला. तिथल्या जाणत्या लोकांनी मशीन उघडून बघितलं आणि हात टेकले. पुसलेलं परत जोडता येऊ नये, असंच वरदानं लिहिलं होतं. मुलांची फजिती पुरी व्हावी म्हणून. एक दिवस मी आईच्या मांडीवर अप्पांच्या चिपळ्या ठेवल्या. तिनं दोन वेळा वाजवल्या, एका पदाची अर्धी ओळ म्हटली, थांबली. "पुढें हे म्हणतील," ती म्हणाली. अप्पा आले की म्हणतील. त्या ओळीच्या पुढं काय, ते मला वर्षभर टाइप करूनही आठवेना. तिच्या सुरामागं टाइप करत धावणारी बोटं शब्द कुठं ठेवून घेतात?

चूक तिची होती हे आम्ही तिला कधी सांगितलं नाही. ती रोज सकाळी कुंकू लावू लागली. नातेवाईक कुजबुजले, त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं. वरदानं पाचवं मशीन केबलला जोडून टाकलं. मुलं तेही फोडू लागली, संध्याकाळी ते परत उभं राहू लागलं, रिकामं.

पुढच्या सरस्वतीपूजेला आईला आम्हा दोघांची नावंही धड सांगता येत नव्हती. पण गंध उगाळायला बसली. वरदानं स्वच्छ फ्लॉप्या पाटावर मांडल्या, मग पुढच्या खोलीत गेला आणि पत्र्याचा डबा आणून तिच्यापुढे उघडला.

"ह्यांस पण लाव, अम्मा," तो म्हणाला.

घरात आता जपून ठेवायचं असं काही उरलं नव्हतं. एक एक फ्लॉपी तो तिच्यापुढे धरत होता, आणि आई ठिपका लावत होती.