छातीभर पाण्यातला डाव

राजवाडा, संसद, नदीवरचे पूल, सगळं बघायचं राहिलं तरी गिझेलाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मिश्कोल्तहून ती बुडापेस्टला आली होती ती एका डावासाठी. तीस वर्षं नवरा लायोश दर वसंतात एकटाच राजधानी बघायला येई, गरम पाण्याच्या हौदात छातीभर पाण्यात उभा राहून बुद्धिबळ खेळे आणि तिथल्या पट्टीच्या खेळाडूकडून, देझोकडून, मात खाऊन परते. घरी मात्र गिझेला त्याला हमखास हरवी. तरी बरोबर नेण्याचं नाव काढलं की म्हणे, "तिथे तुझं हसं होईल." यंदा ती हट्टानं आलीच.

"देझो, हिला एक डाव खेळायचाय," लायोश कसाबसा पुटपुटला.

"वहिनी, केस भिजतील हं!" देझो म्हणाला. भोवतालचे म्हातारे खदखदून हसले.

"भिजू देत. पांढरी तुम्ही घ्या," गिझेला म्हणाली.

हौदातला नियम कडक होता. सोंगटीवरचं पाणी टिपायचं तर आधी 'पुसतो' म्हणायचं, नाहीतर हात लावलेली सोंगटी हलवावीच लागे. नियम देझोचाच, आणि गेल्या वर्षी त्यातच त्यानं लायोशला गारद केलं होतं.

विसाव्या चालीला देझोचं हसू मावळलं. त्याचा हत्ती कोंडला गेला होता. विचाराच्या भरात त्यानं वजिरावरचा थेंब अंगठ्यानं टिपला, तोही 'पुसतो' न म्हणता. वजीर हलवला की मात ठरलेली. भोवतालचे म्हातारे पटाजवळ सरकले.

"धर त्याला, गिझी! सोडू नकोस!" लायोश ओरडला.

तीस वर्षं वाट पाहून असला फुकटचा विजय घेऊन घरी जायचं? छे!

"तुम्ही 'पुसतो' म्हणालात असं धरते, भाऊ. खेळा."

देझोचे कान लाल झाले. पुढचा अर्धा तास तो जीव तोडून खेळला, अगदी ओठ चावून खेळला. गिझेलानं घाई केली नाही. एक प्यादं तिनं एकेक घर पुढे सरकवत शेवटच्या रांगेत नेलं आणि त्याचा वजीर केला.

"शह. आणि मात."

देझोनं राजा आडवा केला. "लायोश, गाढवा! इतकी वर्षं हिला घरी ठेवून तू येत होतास?"

"गाढवच मी!" लायोश म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता. "बायको आहे माझी, नीट बघून घ्या!"

गिझेलाला आभाळ ठेंगणं झालं. तिनं ओले केस मागे सारले, सोंगट्या पुन्हा मांडल्या आणि मान वर केली.

"चला, पुढचा कोण?"

मघाशी हसलेले म्हातारे एकमेकांना पुढे ढकलू लागले.