खंड्याचा वाटा

बिरूचा अंगठा म्हणजे अंगठा होता बाबा! मेंढराच्या डोक्यावरून नुसता फिरवायचा आणि सांगायचा, "पाणी हितं हाय." इंदापूरपासून बारामतीपर्यंत जिथं म्हणून धनगरांचे वाडे मेंढरांसकट मुक्कामाला उतरायचे, तिथून त्याला बोलावणं यायचं. एखादं मेंढरू कळप सोडून एकाच अंगाला गरगर फिरायला लागलं, चारा टाकून आभाळाकडं बघत उभं राहिलं, की लोक म्हणायचे, "बघत काय बसलाय? बिरूला आणा."

त्या रोगात मेंढराच्या मेंदूत पाण्याची पिशवी धरते. ती वाढेल तसा मेंदू दबतो आणि वरचं हाड आतून झिजून पापडासारखं पातळ होतं. बिरू अंगठ्यानं ती मऊ जागा हुडकायचा. लोकर भादरायची, तापवलेल्या पात्यानं कातडं बाजूला करायचं, हाडाची चकती उचलायची, मेंढराचं डोकं खाली धरायचं आणि कोंबडीचं पीस आत घालून पिशवी हळूहळू बाहेर काढायची. जरा घाई केली की फुटलीच म्हणून समजा. आत नितळ पाणी आणि भिंतीला चिकटलेले पांढरे दाणे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. मग जखमेत हळद, वर चिंधी, आणि दिलं मेंढरू सोडून. काही मेंढरं उठून सरळ चरायला लागायची. काही पाय झाडून मरायची. मालकाला बिरू आधीच सांगायचा, "जगलं तर तुमचं, न्हाय तर बिरोबाचं." आणि मेलेल्या मेंढराची आठवण कोण ठेवतंय!

ती पिशवी मात्र कुत्र्याची. तो खंड्याचा वाटा, आणि तो द्यायचा मान बिरूच्या लेकीचा, म्हाळसाचा. नऊ वर्षांची पोर. बाप पिशवी तळहातावर घेऊन उठला की ती धावत यायची, दोन बोटांनी पिशवी उचलायची आणि ओरडायची, "खंड्या, तुजा वाटा!" खंड्या ती वरच्या वर झेलायचा आणि मग पोरीचं तोंड चाटून काढायचा. मेलेल्या मेंढराचं मुंडकंही त्याचंच. सगळे हसायचे. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, दिसणार तरी कसं?

त्या साली बिरूचा वाडा काटेवाडीला रावजीतात्यांच्या मोकळ्या रानात बसला होता. तात्या मळेकरी. कालव्याच्या पाण्यावर वांगी, कांदे, मेथी काढायचे आणि खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. तिथंच म्हाळसाचं दुखणं सुरू झालं. सकाळी उठली की डोकं धरायची आणि भडाभडा ओकायची. बिरूची बायको साखरबाई म्हणाली, पित्त झालंय. दृष्ट काढली, सुंठ उगाळून लावली. मग पोरीच्या डाव्या हातातनं भाकरी गळून पडायला लागली. आणि एके दिवशी बिरूनं तिला पाटाचं पाणी आणायला जाताना पाहिलं. पोर सरळ निघाली ती डावीकडं कलत कलत थेट वांग्यांच्या वाफ्यात शिरली.

अशी चाल त्यानं किती वेळा पाहिली होती!

तेव्हापासून त्याला एका जागी बसवेना. जेवायला बसला की घास हातात तसाच. मेंढरं कोंडायच्या वाघुराच्या जाळीभोवती चकरा मारायचा, उगीच खुंट्या ठोकायचा, ठोकलेल्या उपटायचा. साखरबाई म्हणाली, "अवं, मेंढरं बी दमली तुमास्नी बघून. बसा की जरा!" तो बसला आणि लगेच उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर बाभळीखाली झोपली होती. बिरू तिच्यापाशी गेला. केसांतून अंगठा फिरवला. डावं अंग घट्ट होतं. उजव्या बाजूला, कानाच्या वर, अंगठा थांबला. दाबला तर हाड किंचित दबलं. त्यानं हात असा मागं घेतला की जणू इंगळीच डसली. मग तो चुलीपाशी गेला, पातं काढलं आणि निखाऱ्यात खुपसलं.

साखरबाईनं ते पातं पाहिलं आणि हातातलं काम टाकून ती आली. "कुठलं मेंढरू फिराय लागलं?"

बिरूनं पातं निखाऱ्यात उलटवलं.

"म्या काय इचारते? कुठलं मेंढरू?"

"साखरे, जागा घावलीय. मऊ पडलीय. आज काढलं तर निघंल. उद्या उशीर हुईल."

"हात लावाल तर बघा!" ती पोरीला आडवी जाऊन बसली. "तांबडी उठली व्हती का? खिलारीच्या वाड्यावरची ती गाभणी मेंढी? महिपतीचा एडका? सांगा की! तुमास्नी उठल्याली तेवढी ध्यानात. मेलेल्याची कातडी म्या सोलल्यात!"

तिचं खरं होतं. बिरूनं पात्याकडं हात नेला आणि मागं घेतला. तो हात मेंढरावर कधी मागं आला नव्हता. पातं निखाऱ्यात तापून लाल झालं, तसंच राहिलं. आरडाओरडा ऐकून रावजीतात्या मळ्यातून पळत आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिरू, येड लागलं का तुला? बैल जुपतो. बारामतीला डाक्तर हाय."

खंड्या गाडीमागं धावत सुटला. तात्यांच्या गड्यानं त्याला धरून खोपीपाशी बांधला. म्हाळसा गाडीतून मान वळवून बघत राहिली, कुत्रं दिसेनासं होईतो.

बारामतीचा डॉक्टर तरुण होता, बोलायला साधा. त्यानं पोरीला बोट नाकाला लावायला सांगितलं, दोन्ही हातांनी आपली बोटं दाबायला लावली, मग यंत्रानं डोळ्यात बारीकसा उजेड टाकून कितीतरी वेळ आत बघत राहिला. "डोळ्यामागची शीर सुजलीय," तो म्हणाला. "म्हणजे कवटीच्या आत दाब वाढलाय. आणि डावा हात ढिला पडतोय, म्हणजे जे काही आहे ते मेंदूच्या उजव्या बाजूला आहे. उजवा मेंदू डाव्या अंगाला चालवतो."

"पाण्याची पिशवी हाय," बिरू म्हणाला. "मेंढरागत." आणि त्यानं आपलं सगळं काम सांगून टाकलं.

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्या समोर बसला. "असेलही. माणसाला क्वचित होतं, पण होतं. आणि ती काढलेली पिशवी? तिचं काय करतोस?"

"कुत्र्याला टाकतो. त्येचा वाटा असतोय."

डॉक्टर म्हणाला, "त्या पिशवीत पांढरे दाणे असतात ना? ते एकेक जंताचं डोकं असतं. कुत्र्यानं पिशवी खाल्ली की त्याच्या आतड्यात त्याचे लांबलचक जंत होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. ते गवत मेंढरू खातं. अंड्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत जाते आणि तिथं पुन्हा पिशवी धरते. कुत्र्याच्या अंगाला, तोंडाला ती अंडी लागलेली असतात. पोरं त्याला कवटाळतात, तेच हात तोंडात घालतात."

बिरूला वरच्या वर झेललेली पिशवी दिसली आणि मग लेकीचा गाल चाटणारी ती जीभ.

"म्हंजी... एक मेंढरू बरं करायचं आन् धा मेंढरास्नी रोग वाटायचा? म्याच?"

"तुला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं म्हणून पोरीच्या डोक्यातलं पाणी आटंल व्हय, डाक्तर?" बिरू ओरडलाच. डॉक्टरनं त्याला ओरडू दिलं आणि पुण्याच्या मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली.

बारामतीहून दौंडची छोटी आगगाडी, दौंडहून पुण्याची मोठी. गाडी थांबली की बिरू उठायचा, चालू झाली की दारापाशी जायचा. म्हाळसाचं डोकं आईच्या मांडीवर होतं. एकदा डोळे उघडून तिनं विचारलं, "आबा, तुमीच काढाल न्हवं पाणी?"

"न्हाय पोरी. माज्यापरीस मोठा मानूस काढंल."

"मंग तुमी जवळ ऱ्हावा," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

पुण्याच्या शस्त्रवैद्यानं कवटीचे फोटो काढले, बारामतीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचली आणि बिरूला समजावून सांगितलं. भूल देऊन हाडाला भोकं पाडायची, हाड झाकणासारखं उचलायचं आणि पिशवी न फोडता बाहेर घ्यायची. फुटली तर धोका. पोर जागी होईलच असं नाही. झाली तर डावा हात अधू राहू शकतो. "न केलं तर मात्र नक्की जाईल," तो म्हणाला. "आमच्या हातात आहे तेवढं करू. पुढचं देवाच्या हातात."

बिरू हे शब्द ओळखत होता. त्यानंच किती मालकांना ऐकवले होते, आणि त्या वेळी त्यांच्यावर काय गुदरत असेल याचा विचारही केला नव्हता. कारकुनानं शाईची डबी पुढं केली. "इथं अंगठा लाव." बिरूनं अंगठा शाईत बुडवला. कागदावर टेकवताना ठसा फरकटला आणि दुसरा घ्यावा लागला.

पोरीचे केस भादरून तिला आत नेलं. दोघं नवराबायको बाहेरच्या कडुलिंबाखाली बसली. म्हणजे साखरबाई बसली. बिरू पायरीपासून फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. शेवटी तो तिच्यासमोर मटकन खाली बसला. डॉक्टरनं जे सांगितलं होतं ते त्यानं अजून तिला सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं. दाणे, कुत्रं, गवत, पोरीचे हात. "म्याच घातलं तिच्या डोस्क्यात," तो म्हणाला आणि घोंगडं तोंडावर ओढून रडायला लागला.

साखरबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. "वाटा टाकताना म्या बी हसत हुते," ती म्हणाली. "पोरगी उठू द्या. मग काय ते बोलू."

उन्हं कलल्यावर दार उघडलं. शस्त्रवैद्य बाहेर आला. त्याच्यामागं एक नोकर, हातात झाकलेलं भांडं. "अख्खी निघाली," वैद्य म्हणाला. "पोर अजून शुद्धीवर यायचीय. बघणार?" बिरूनं झाकण उचललं. लिंबाएवढी पिशवी. नितळ पाणी. आणि भिंतीला तेच पांढरे दाणे.

"जाळून टाक," वैद्य नोकराला म्हणाला.

"म्या येतो संगं," बिरू म्हणाला.

इस्पितळाचं पाणी तापवायचा बंबखाना मागच्या अंगणात होता. भिंतीच्या सावलीत पडलेलं एक मरतुकडं कुत्रं भांडं बघून उठलं आणि शेपटी हलवत मागं लागलं. बिरूनं दगड उचलला, पण त्याच्यानं मारवेना. त्यानं दगड खाली टाकला आणि भांडं नोकराच्या हातातून घेऊन छातीशी धरलं. पिशवी विस्तवात पडली, चर्र वाजली, तरी तो हलला नाही. राख झाल्याचं बघूनच तो परत फिरला.

म्हाळसाला जाग आली तेव्हा दोघं खाटेच्या दोन बाजूंना होती. डोक्याला पट्ट्यांचं हे एवढं पागोटं. बिरूनं तिच्या डाव्या हातात आपला अंगठा दिला, बारामतीच्या डॉक्टरनं बोटं दिली होती तसा. "दाब, पोरी."

बोटं हलली. अगदी थोडी, पण हलली. साखरबाईनं पदर तोंडात कोंबला.

"निघालं पाणी?" म्हाळसानं पुटपुटत विचारलं.

"निघालं. अख्खं निघालं."

"खंड्याचा वाटा ठिवलाय न्हवं, आबा?"

"न्हाय पोरी. जाळला. आता ह्यो वाटा त्येला कवाच द्याचा न्हाय."

पोरीच्या कपाळाला आठी पडली. "का? त्येनं काय केलं?"

"त्येनं काय न्हाय केलं. म्या केलं."

म्हाळसानं डोळे मिटले. त्यांना वाटलं, झोपली. मग तिच्या बोटांनी त्याचा अंगठा पुन्हा दाबला, या खेपेला जरा जोरानं.

"मग बांधून का ठिवलंय त्येला?" ती म्हणाली.