जंगल सुधारलं तेव्हा

आमच्या घरात रानातली अळंबी खायची की फेकायची हे सासूबाईंचं नाक ठरवतं. रविवारी टोपली टेबलावर उपडी होते, त्या एकेक अळंबी उचलून हुंगतात आणि 'खा' किंवा 'टाक' म्हणतात. त्यावर अपील नाही. जाणकार सांगतात की वासावरून अळंबी ओळखू नये. पण जाणकारांना आमच्याकडे कोणी जेवायला बोलावत नाही.

दुसरा नियम असा की जिने पारख केली तिने पहिलं ताट खायचं. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवून बघत बसायचं. ताट धुऊन जागेवर गेलं आणि ती अजून उभी असली, की मग आपलं वाढून घ्यायचं. सगळ्यात विषारी अळंबी आपला गुण पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दाखवते, हे मी लग्नानंतर एकदा बोलून पाहिलं. नवरा म्हणाला, "तुला आमच्या घरातलं काहीच पटत नाही." ते खरं आहे, पण विषय तो नव्हता.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना मोठी सर्दी झाली. सर्दी गेली ती वास घेऊनच गेली. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते दुधावरून. दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास सुटला आणि त्या तिथेच पाठ करून शांतपणे मटार सोलत होत्या. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. अक्षरांचा तक्ता पाठ करून येणारी माणसं मला नवी नाहीत; न दिसणारी ओळ ती सगळ्यात जोरात वाचतात. सासूबाईही तेव्हापासून फार जोरात हुंगायला लागल्या होत्या.

मी नवऱ्याला सांगितलं. "आईच्या नाकात तू नाक खुपसू नकोस," तो म्हणाला.

गंमत म्हणजे यंदा त्यांनी एकही अळंबी टाकली नाही. सरसकट 'खा', आणि आम्ही सगळे ठणठणीत. "जंगल सुधारलंय हो," त्या म्हणायच्या. सासरे मान डोलवायचे. सासरे निवृत्त बस ड्रायव्हर. बोलायचं काम कंडक्टरवर सोपवून आयुष्य काढलेलं. जंगलात जाऊन टोपली भरून आणायचं काम त्यांचं.

गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रविवारी सकाळी मी त्यांना धुतलेले पायजमे द्यायला हॉस्पिटलात गेले.

"आज टोपली कोण आणतंय?" पायजम्यांकडे न बघता त्यांनी विचारलं.

"तुमचा मुलगा. माझ्याआधीच निघाला."

"बुडासकट उपटतो की चाकूने कापतो?"

"कापतो. हात मळतात म्हणे."

सासरे ताडकन उठून बसले. नर्स ओरडली, ते पुन्हा आडवे झाले आणि आडव्यानेच बोलले. इतकं त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "हिला वास येत नाही. मी वाटेतच निवडतो. बुडाशी विषारी अळंबीची पिशवी दिसली, नुसती शंका आली, तरी खिशात घालतो आणि नाल्यात फेकतो. कापलेल्या देठाला बूडच नसतं, पिशवी जमिनीत राहते. तू पळ. पण मला कळलंय हे हिला कळू देऊ नकोस. बाकी काहीही कर."

मी पळाले. बस येईना म्हणून खरोखरच पळाले.

घरात शिरले तेव्हा सासूबाईंपुढे पहिलं ताट होतं, अजून न उष्टावलेलं, त्यात लोण्यात परतलेल्या अळंब्या, आणि हातात काटा. समोर नवरा, हात मांडीवर, शहाण्या मुलासारखा. कचऱ्याचा डबा रिकामा होता. ओट्यावर एका अळंबीची टोपी उरली होती, वरून फिकट हिरवी, खालून पांढरीशुभ्र, सगळ्यात विषारी जातीची असते तशी. सासूबाई मला फार आवडतात असं मी कधी म्हटलेलं नाही, पण त्या काट्याकडे बघून मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

विष आहे म्हणावं तर त्यांचं नाक जाणार. गप्प बसावं तर त्या जाणार.

"अगं बाई, करपल्या की सगळ्या!" मी ओरडले. ताट ओढून डब्यात उपडं केलं, मागोमाग कढईतलंही. "केवढा वास सुटलाय! पार जिन्यापर्यंत येतोय!"

नवऱ्याने नाक वर केलं. त्याचं नाक उत्तम आहे. "कुठे करपल्या? लोण्याचा काय छान वास..."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काटा अजून हवेतच होता.

"करपल्याच," त्या म्हणाल्या. "मला तर मघापासून येतोय."

नवऱ्याचं नाक बहुमताने हरलं. त्याने पावाला लोणी लावून खाल्लं आणि कुरकुरत झोपायला गेला.

कढई लख्ख होती. तरी सासूबाई ती तारेच्या घासणीने घासत राहिल्या, करपलेली घासावी तशी, बराच वेळ. मी शेजारी भांडी पुसत होते.

"ह्यांनी सांगितलं?" त्यांनी कढईकडे बघत विचारलं.

"कोणी काही सांगितलं नाही."

"ह्यांच्या कोटाचे खिसे मीच धुते. तुकडे निघतात. मला वाटलं, बाप निवडून आणतो तसा पोरगाही निवडून आणत असेल." घासणी थांबली. "ताट धुतलं की त्याला वाढणार होते गं मी."

मी त्यांच्या हातातून कढई काढून घेतली.

"मला ठाऊक आहे, हे ह्यांना कळू देऊ नकोस," त्या म्हणाल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्याकडे आता दोन मुठी होत्या.

पुढच्या रविवारी जंगलात मी गेले. सासऱ्यांनी पलंगावरून आठवडाभर माझी शिकवणी घेतली होती. मी प्रत्येक अळंबी मातीसकट, बुडासकट आणली. टेबलाखाली माझा पाय सासूबाईंच्या पायावर होता. शंका आली की मी दाबायचे, त्या दीर्घ हुंगायच्या आणि म्हणायच्या, "टाक." मी नवशिकी, शंका भरपूर. अर्धी टोपली गेली.

"आई, आज एवढ्या?" नवऱ्याने विचारलं.

"जंगल पुन्हा बिघडलंय," सासूबाई समाधानाने म्हणाल्या.

जेवायला बसलो. पारख करणाऱ्याचं पहिलं ताट, म्हणजे नियमाने ते माझं होतं. मी हात पुढे केला. सासूबाईंनी ताट आपल्याकडे ओढलं.

"नाक माझं आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिला घास घेतला.